दहा बोटांची विद्या आणि आपली कुटुंबसूची

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात लातूर येथे विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



या संमेलनात बोलण्याचे निमंत्रण चिटणीसांनी दिले तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. गुणगौरवाच्या प्रसंगी बोलावयाचे ते एखाद्या विद्वानाने किंवा मोठ्या अधिकाऱ्याने, असा आपल्याकडील प्रघात आहे. आणि आम्ही तर आयुष्यभर कळा बडविणारे एक साधे नोकर. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्हाला जे येतं तेच सांगा." आम्हांस येते ते एवढेच, की संगणकावर मजकूर कसा लिहावा, कसा दुरुस्त करावा आणि तो पुढच्या पिढीच्या हाती वाचता येईल असा कसा ठेवावा. तेव्हा आज बोलणार आहोत ते त्याविषयी. विषय रुक्ष वाटेल. पण त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या घराशी कसा पोहोचतो, ते ऐकल्यावर आमच्या बोलण्याचा कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

आपल्या मंडळाची कुटुंबसूची आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणाचे मूळ गाव कोणते, तालुका-जिल्हा कोणता, हल्ली वास्तव्य कोठे, घरात माणसे किती, याची ती नोंद. लग्नकार्य जमविताना, नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाची सोय लावताना, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला असता निरोप पोहोचविताना ती उघडली जाते. मागील खेपेची सूची छापली तेव्हा तिचा मजकूर संगणकावर जुळविला होता आणि त्याची फाईल मंडळाने जपूनही ठेवली होती. गेल्या वर्षी नवी आवृत्ती काढावयाची म्हणून ती फाईल उघडली, तो पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, चौकटी आणि चिन्हे यांची नुसती खिचडी. ज्या मुद्रणालयात ते काम झाले होते ते आता राहिलेले नाही आणि तेथील अक्षरसंचही त्याबरोबर गेला. काही शे कुटुंबांची माहिती डोळ्यांसमोर आहे आणि तरी वाचता येत नाही, अशी विचित्र अवस्था झाली.

यात दोष कोणाचा, हे शोधीत बसण्यात अर्थ नाही. तो काळच तसा होता. त्या वेळच्या पुष्कळ अक्षरसंचांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना मराठीचा अंगरखा घातलेला होता. अंगरखा हरवला की आतील खरे रूप उघडे पडते. याउलट युनिकोड या पद्धतीत जगातील बहुतेक लिप्यांतील प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी तीत आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो नांदेडच्या संगणकावर जो आहे तोच न्यूयॉर्कच्या संगणकावर, आणि आज जो आहे तोच उद्याही राहणार. मजकूर युनिकोडमध्ये आणि साधा, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या साच्यात न अडकलेला असा ठेवला, तर तो वाचण्यास कोणाच्या अक्षरसंचाची वा परवानगीची गरज उरत नाही. आम्ही ज्याला टिकणारा मजकूर म्हणतो तो हाच.

असा साधा मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनास टेक्स्ट एडिटर म्हणतात. पत्राला नक्षीदार शीर्षक देणे, अक्षरे लहानमोठी करणे, चित्रे बसविणे ही कामे त्याची नव्हेत. अक्षरे, शब्द आणि ओळी एवढेच त्याचे राज्य. पण त्या राज्यात त्याच्याइतका तत्पर सेवक दुसरा नाही. या साधनांतही एक घराणे असे आहे, की ज्यात माऊसला हात न लावता सारे काम कळफलकावरूनच होते. त्यातील 'व्हीआय' आणि त्याचा सुधारलेला वंशज 'विम', यांची ओळख आज करून द्यावयाची आहे.

परंतु तिकडे वळण्यापूर्वी नांदेडातील एका माडीवर आपणांस घेऊन जातो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. ज्या मराठवाड्यात निजामी अमदानीत कचेरीचा कारभार उर्दूत चाले, तेथे मराठी टंकलेखन येणाऱ्याला कचेरीचे दार उघडे झाले. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणलेच होते. नांदेड, लातूर, उदगीर अशा गावांतून टंकलेखन संस्था दिसू लागल्या. बसस्थानकाजवळची अरुंद माडी, ओळीने मांडलेली आठ-दहा यंत्रे, आणि सकाळी सहापासून चालणारा तो खडखडाट. आपल्या ज्ञातीतील किती घरांची चूल त्या खडखडाटावर पेटली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

आम्हीही त्याच माडीवर शिकलो. आमचे मास्तर कळफलकावर फडके झाकून ठेवीत आणि म्हणत, "बघायचं नाही. बोटाला ठाऊक पाहिजे." पहिले पंधरा दिवस डाव्या हाताची चार बोटे आणि उजव्या हाताची चार बोटे मधल्या ओळीवर ठेवून तीच ती अक्षरे गिरवावयाची. त्या वयात ते सारे निरर्थक वाटे. मिनिटास तीस शब्द, मग चाळीस शब्द, अशा परीक्षा दिल्या; प्रमाणपत्र मिळाले; नोकरी लागली. पुढे टंकयंत्रे अडगळीत गेली आणि हातयंत्रावरील परीक्षेची जागा संगणक टंकलेखनाच्या परीक्षेने घेतली. आज ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि आपल्यातील अनेक मुलेमुली ती उत्तीर्ण होतात. परंतु प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडले की त्या विद्येचे काम संपले, असा समज होऊन बसला आहे. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते हे, की दहा बोटांची ती विद्या संपलेली नाही; तिचा खरा मोबदला देणारे साधन आपण अजून हाती घेतलेले नाही.

आता आमच्या फजितीची गोष्ट. १९८९ साली आम्ही पुण्यास एका कचेरीत संगणकाच्या कामावर लागलो. चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र खिशात, तेव्हा ऐट काही कमी नव्हती. साहेबांनी एक फाईल दाखवून त्यात चार ओळी घालावयास सांगितल्या आणि ते निघून गेले. आम्ही सराईतपणे टंकू लागलो, तो लिहिलेले उमटण्याऐवजी आधीचीच अक्षरे नाहीशी होऊ लागली, ओळी उडू लागल्या, आणि यंत्र चीं चीं करून ओरडू लागले. बाहेर पडावे तर वाट सापडेना. शेवटी आम्ही यंत्राची कळ दाबून ते बंद केले. त्याबरोबर दुसऱ्या कोणाचे सकाळपासूनचे काम बुडाले. साहेब रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "आत शिरण्याआधी बाहेरचा दरवाजा बघून ठेवावा." ते वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही.

ही फजिती आमची एकट्याची नव्हे. याच साधनातून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न जगभरच्या प्रोग्रामरांना पडतो. २०१७ साली एका विख्यात प्रश्नोत्तर-संकेतस्थळाने जाहीर केले, की तो प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा वाचला गेला आहे! आणि गेल्या दिवाळीत लातुरातच आमचा पुतण्या संगणकापुढे रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, मी लिहायलोय, पण अक्षरं उमटायच्या ऐवजी उडायलीत. ह्यातून बाहेर कसं निघायचं?" तेव्हा आम्हांस आमचे पुण्यातील दिवस आठवले आणि आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

मुळात अडचण कोठे आहे ती पाहू. १९७० नंतरच्या त्या दशकात अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने व्हीआय रचले. त्याच्यापुढील यंत्रावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के आणि एल या अक्षरांच्याच कळांवर छापलेले होते. माऊस नव्हता. तारेवरून मजकूर येण्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. अशा स्थितीत प्रत्येक आज्ञा एकदोन अक्षरांत आटोपणे भाग होते. मग एकच कळ कधी अक्षर उमटविणार आणि कधी आज्ञा होणार, हे कसे ठरवावे? यासाठी त्याने दोन अवस्था कल्पिल्या: एक आज्ञेची, दुसरी लेखनाची. साधन उघडते ते आज्ञेच्या अवस्थेत. तेथे कळ दाबली की अक्षर उमटत नाही, काम होते. नवखा मनुष्य हे न जाणता लिहू लागतो आणि त्याचे प्रत्येक अक्षर यंत्रास हुकूम वाटते. आमच्या फजितीचे आणि पुतण्याच्या रडकुंडीचे मूळ एवढेच.

तेव्हा पहिला धडा दरवाजाचा. डाव्या कोपऱ्यातील एस्केप ही कळ दाबली, की कोठेही असा, आपण आज्ञेच्या अवस्थेत येतो. तेथून कोलन, म्हणजे दोन टिंबे, मग क्यू, मग उद्गारचिन्ह आणि एंटर, एवढे केले की काहीही न साठविता आपण बाहेर. जे लिहिले ते साठवून बाहेर पडावयाचे असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. हे दोन मार्ग घोकावेत. ज्यास बाहेर पडता येते, त्यास आत शिरण्याचे भय राहत नाही.

दुसरा धडा चालण्याचा. एच डावीकडे, एल उजवीकडे, जे खाली, के वर. मास्तरांनी झाकलेल्या फडक्याखाली उजव्या हाताची बोटे जेथे असत, तेथेच या कळा आहेत. हात हलवावा लागत नाही. तिसरा धडा लिहिण्याचा. आय ही कळ दाबली की लेखनाची अवस्था सुरू होते. लिहून झाले की पुन्हा एस्केप. चौथा धडा चूक निस्तरण्याचा. एक्स दाबल्यास कर्सरखालचे अक्षर जाते; डी दोनदा दाबल्यास पूर्ण ओळ जाते; आणि यू दाबल्यास शेवटची कृती रद्द होऊन होते तसे होते. टंकयंत्रावर एक अक्षर चुकले तर खोडरबराने कागदाला भोक पडे, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच या यूची खरी किंमत कळेल.

एवढे चार धडे अर्ध्या तासाचे आहेत. त्यापुढील गंमत अशी, की या आज्ञांना व्याकरण आहे. डी म्हणजे काढणे, सी म्हणजे काढून तेथे नवे लिहिणे, वाय म्हणजे नक्कल उचलणे, ही क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढील शब्दापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. ही मर्यादा दाखविणारी पदे. क्रियापदापुढे मर्यादा ठेवली की वाक्य झाले. डी डब्ल्यू, शब्द काढ. सी डब्ल्यू, शब्द बदल. तीन डी डी, तीन ओळी काढ. काढलेल्या ओळी दुसरीकडे नेऊन पी दाबले की तेथे ठेवल्या जातात. आणि टिंबाची कळ शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा करते. दहा क्रियापदे आणि दहा मर्यादा शिकणाऱ्यास वीस आज्ञा नव्हे, शंभर वाक्ये येतात. पाठांतर थोडे आणि उपयोग फार, हे चांगल्या व्याकरणाचे लक्षण होय.

व्हीआयचा वंशज विम. तो नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केला. तो विनामूल्य आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक अशा सर्व यंत्रांवर चालतो. ज्यास तो आवडला त्याने युगांडातील अनाथ मुलांच्या साहाय्यासाठी देणगी द्यावी, एवढीच मूलेनार यांची विनंती असे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले. विमचे काम त्यांच्या मागे इतरांनी चालू ठेवले आहे. विमबरोबरच 'विमट्यूटर' नावाचा पाठ मिळतो. तो स्वतः एक साधी फाईल आहे. वाचीत जावे आणि तिच्यातच दुरुस्त्या करीत जावे, सुमारे अर्ध्या तासात होतो. इंग्रजी सोपे आहे, दहावीच्या मुलास समजेल. आमचा सल्ला असा, की तो एकदा करून सोडू नये. आठवडाभर रोज सकाळी एकदा करावा, जसे आम्ही माडीवर मधली ओळ गिरवीत असू.

आता आपल्या मराठीची खास अडचण, जी इंग्रजी पुस्तकांत सांगितलेली नसते आणि जिच्यापायी आपली मुले कंटाळून साधन सोडून देतात. भारत सरकारने १९८६ साली ठरविलेली आणि पुढे मानक झालेली इनस्क्रिप्ट ही कळरचना आज बहुतेक संगणकांत असते. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुशः उजव्या हाताला आहेत. रचना फार शास्त्रशुद्ध. परंतु मराठी चालू असता एच, जे, के, एल या कळांवर अनुक्रमे प, र, क, त ही अक्षरे येतात. म्हणजे आपण एस्केप दाबून खाली जाण्यासाठी जेची कळ दाबतो, आणि यंत्राला मिळतो 'र'. कोलन दाबतो, त्याला मिळतो 'छ'. 'छ' ही काही त्याला ठाऊक असलेली आज्ञा नव्हे. तो चीं करून गप्प बसतो. मुलाला वाटते यंत्र बिघडले. बिघडलेले काही नाही. आपण त्याच्याशी मराठीत बोलत आहोत आणि त्याला हुकूम इंग्रजी अक्षरांतच कळतात.

यावर उपाय सवयीचा आहे. लिहून झाले की एस्केप, आणि लगेच कळफलक इंग्रजीवर. पुन्हा लिहावयाचे तर आय, आणि मग कळफलक मराठीवर. या दोन जोड्या हाताला एकदा बसल्या की मग विचार करावा लागत नाही. ज्यांस हे जाचक वाटेल त्यांच्यासाठी ईमॅक्स नावाचे दुसरे घराणे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचे जीएनयू ईमॅक्स १९८५ साली निघाले. त्यात देवनागरीसाठी इनस्क्रिप्टची सोय साधनातच आहे. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ ही जोडी दाबली की मराठी सुरू अथवा बंद होते, आणि कंट्रोल धरून द्यावयाच्या आज्ञा मराठी चालू असतानाही पाळल्या जातात. दोन्ही घराणी चांगली. ज्यास जे मानवेल ते त्याने घ्यावे, मात्र एकच धरून वर्षभर टिकावे. आणखी एक सूचना: काही पडद्यांवर जोडाक्षरे फुटलेली दिसतात, मात्रा सरकलेल्या दिसतात. त्याने घाबरू नये. दिसण्यात दोष असतो, साठविलेला मजकूर बहुधा शाबूत असतो. फाईल साठविताना मात्र ती यूटीएफ-८ या रीतीनेच साठविली आहे, याची खात्री करावी.

आता पुन्हा आपल्या कुटुंबसूचीकडे येऊ. जुनी छापील प्रत समोर ठेवून आमच्या पुतण्याने तिची काही पाने विममध्ये उतरविली; एका कुटुंबाची एक ओळ, असा नियम केला. उतरविता उतरविता तो म्हणाला, "काका, उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय. सगळीकडं बदलावं लागंल." हे नामांतर २०२३ साली झाले, आपण जाणताच. माऊसने शोधीत बसला असता तर दुपार गेली असती. आम्ही त्यास आज्ञा सांगितली: कोलन, टक्क्याचे चिन्ह, एस, तिरपी रेघ, जुने नाव, तिरपी रेघ, नवे नाव, तिरपी रेघ, जी आणि एंटर. टक्का म्हणजे साऱ्या फाईलभर, एस म्हणजे बदल, जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा आढळेल तितक्या वेळा. नावे तेवढी मराठी कळफलकावर आणि बाकी सारे इंग्रजीवर. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सर्व बदल झाले. पोरगा खूष, आम्हीही खूष.

मग त्याने त्या ओळी मोठ्याने वाचावयास घेतल्या. आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई शेजारी शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्याने आमच्याच घराण्याची ओळ वाचली, "तालुका औसा, जिल्हा धाराशिव." आत्याबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "आरं, आपलं औसं धाराशिवात कवा गेलं?"

मंडळी, त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जुन्या सूचीत 'तालुका औसा, जिल्हा उस्मानाबाद' असे होते, कारण वडिलांच्या वेळच्या कागदांवरून ती नोंद झाली होती. १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि औसा लातुरात आले. यंत्राने केलेला बदल अक्षराने बरोबर आणि अर्थाने चूक होता. त्याने आमचे गाव नकळत परजिल्ह्यात लोटून दिले होते. निलंगा, अहमदपूर, उदगीर, साऱ्यांच्याच बाबतीत हे घडले असते. नांदेडच्या बाजूसही तीच गोष्ट: १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला, तेव्हा कळमनुरीकडच्या घरांची जुनी नोंद 'जिल्हा परभणी' अशीच असणार.

आम्ही पोराला म्हटले, "घाबरू नकोस. यू दाब." एका कळीसरशी साऱ्या फाईलभरचे बदल मागे फिरले. मग तीच आज्ञा पुन्हा दिली. मात्र शेवटी जीच्या पुढे सी हे अक्षर जोडले. त्याने असे होते, की यंत्र प्रत्येक ठिकाणी थांबते आणि विचारते, येथे बदलू की नको? वाय म्हटले तर बदलते, एन म्हटले तर तसेच ठेवून पुढे जाते. पुतण्या कळफलकावर, आत्याबाई शेजारी. तो गाव वाचे, त्या म्हणत, "हे तुळजापूरकडचं, बदल." "हे आपल्याकडचं, नको." जेथे नको म्हटले, तेथे त्याने मागाहून सी डब्ल्यूने 'लातूर' लिहिले, आणि एकाच शब्दाचा तो बदल पुढील ओळींत टिंबाच्या कळीने करीत गेला. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. संगणकाला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. पण त्या दुपारी त्या नसत्या तर ती सूची चुकीची झाली असती. आणि पुतण्या नसता तर ती झालीच नसती.

आमच्या आजच्या बोलण्याचे सार त्या दुपारीत आहे. बोटांत वेग आला, आज्ञा पाठ झाल्या, म्हणजे मजकूर बरोबर झाला असे नव्हे. यंत्र आज्ञाधारक आहे. शहाणे करण्याचे काम आपले. आणि जुनी गावे, जुने तालुके, कोणते घर कोठून कोठे गेले याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, ती पिढी आता थकत चालली आहे. कागद जीर्ण होतो, अक्षरसंच हरवतो, माणूस तर जातोच. या तिन्हींच्या आधी हे काम व्हावयास हवे.

म्हणून मंडळाकडे आमचे एक साधे मागणे आहे. नांदेडास आणि लातुरास, दर रविवारी सकाळी दोन तास, मंडळाच्या जागेत एक-दोन संगणक मांडावेत. टंकलेखनाची परीक्षा दिलेली मुले आणि मुली कळफलकावर बसतील. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या घरचे नव्हे, दुसऱ्या घरचे एखादे वडीलधारे माणूस बसेल. जुनी सूची वाचावी, विचारावे, दुरुस्त करावी, साध्या मजकुरात साठवावी आणि तिच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. मात्र एक पथ्य पाळावे: दूरध्वनी क्रमांक आणि मुलामुलींच्या जन्मतारखा ही माहिती वेगळ्या फाईलीत, मंडळाच्या ताब्यातच असावी. पहिला महिनाभर शिकविण्यास आम्ही स्वतः येऊ. मानधन नको, चहा मात्र गरम असावा.

ज्यांचे काम पत्रे, अर्ज, निमंत्रणपत्रिका एवढेच आहे, त्यांनी विमच्या वाटेस जाण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी सोपी साधने पुष्कळ आहेत, आणि हे साधन आले नाही म्हणून कोणी अडाणी ठरत नाही. परंतु जी मुले पुण्यास, हैदराबादेस संगणकाच्या नोकरीवर जाणार आहेत, त्यांस हे आज ना उद्या भेटणारच. दूरच्या यंत्रावर काम करताना कित्येकदा तेथे दुसरे साधन नसतेच. तेव्हा आमच्याप्रमाणे साहेबांसमोर फजिती होण्यापेक्षा आपल्याच माणसांत, आपल्याच सूचीवर हात बसवून जावे, हे बरे.

गुणवंत विद्यार्थ्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. आज मिळालेले प्रशस्तिपत्र घरी भिंतीवर लावा. पण रविवारी सकाळी रिकाम्या हाताने या. दहा बोटे तेवढी बरोबर आणा.